गिरणीवाल्याची बखर

निपाणीचे कथाकार महादेव मोरे ऑगस्ट २०२४मध्ये गेले. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, अग्रलेखाच्या पानावर चार ओळीही लिहिल्या, आणि जवळपास सगळ्यांना पुस्तकांच्या आधी त्यांची पिठाची गिरण आठवली. टॅक्सी चालवली, गॅरेजात हात काळे केले, वर्षानुवर्षं दळणं दळली, आणि हे सगळं करता करता कादंबऱ्या लिहिल्या, कथासंग्रह काढले, असा तो कौतुकाचा सूर होता. कौतुक खरं होतं, पण मला ते थोडं खटकलं. एखाद्या प्राध्यापकानं कादंबरी लिहिली तर आपण ‘वर्गावर शिकवता शिकवता लिहिली हो’ असं म्हणत नाही. मामलेदार कवी निघाला तर त्याच्या कचेरीचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात येतो. गिरणीवाला लिहितो म्हटल्यावर मात्र गिरणच मथळ्यात.

माझं म्हणणं उलट आहे. गिरण, टॅक्सी आणि गॅरेज ही मोऱ्यांच्या लेखनातली अडचण नव्हती, त्यांचं दप्तरच तिथं होतं. गेल्या साठ वर्षांतली निपाणी उद्या कुणाला समजून घ्यायची असेल, तर नगरपालिकेचे ठराव आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्या यांच्या आधी त्याला मोऱ्यांच्या कथा वाचाव्या लागतील. ते इतिहासकार नव्हते, सनावळ्या मांडायला बसले नव्हते. तरीही या गावाची बखर कुणी लिहिली असेल तर ती त्यांनी.

गाव कुठलं, ते आधी सांगायला हवं, कारण सीमाभाग म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढं एकदम बेळगावच उभं राहतं. कोल्हापूरहून निघालं, कागल मागं पडलं, दूधगंगा ओलांडली की कोगनोळीचा टोलनाका येतो आणि राज्य बदलतं. दरवर्षी बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांच्या गाड्या याच नाक्यावर अडवल्या जातात, छायाचित्रं निघतात, आणि दोन दिवसांनी उसाच्या ट्रॉल्या पुन्हा नेहमीसारख्या ये-जा करू लागतात. नाका ओलांडला की सौंदलगा, मग निपाणी. पुढं तवंदीचा घाट चढून संकेश्वरावरून रस्ता बेळगावला जातो. निपाणीच्या पोरांचं देवचंद कॉलेज १९६०चं, पण ते आहे अर्जुननगरात. अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, आणि मध्ये चालत जाण्याइतकं अंतर. सीमावादाचे खंडच्या खंड वाचून जे कळत नाही ते या एका पत्त्यावरून कळतं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक, राज्यात गेला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला द्यावीत असं सुचवलं. त्यात निपाणी महाराष्ट्राच्या वाट्याला होती, बेळगाव मात्र म्हैसूरकडंच राहणार होतं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला आणि निपाणी होती तिथंच राहिली. २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे निपाणीकराची गंमत अशी की ज्या अहवालानं त्याला महाराष्ट्रात घातलं, तो अहवाल महाराष्ट्रालाच नको होता. यावर निपाणीत फार कुणी बोलत नाही. बोलून होणार काय, हा तिथला सर्वमान्य पक्ष.

अशा गावाचा इतिहास सांगायला बसलं की तो ठरलेल्या वाटेनं जातो. बेळगावपासून सुरुवात केली तर किल्ल्यातली १२०४ची कमल बस्ती, मग १९२४चं काँग्रेस अधिवेशन. गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे. निपाणीपाशी आलं की सिधोजीराव निंबाळकर, त्यांचा वाडा, पेशवाईच्या अखेरचं राजकारण. जत्रेच्या गोष्टी निघाल्या तर अप्पाचीवाडी-कुर्लीचा हालसिद्धनाथ आणि त्याची भाकणूक. गावोगावी असे सांगणारे असतात. एखादा निवृत्त मास्तर, एखादा मोडी वाचणारा कुलकर्णी, एखादा तालमीतला म्हातारा. त्यांच्या सांगण्यात रंग असतो आणि त्यांच्यावाचून गावाला आपली ओळख राहत नाही. पण या सांगण्यात माणसं घोड्यावर तरी असतात किंवा व्यासपीठावर तरी.

गांधीजींचं अधिवेशन झालं डिसेंबर १९२४ला. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५मध्ये, निपाणीत बहिष्कृतांची मुंबई इलाखा प्रांतिक परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर तिथं बोलले. महाडच्या सत्याग्रहाच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. बेळगावचं अधिवेशन शाळेच्या पोरालाही सांगता येतं, तिथली काँग्रेस विहीर लोक दाखवायला नेतात. निपाणीची परिषद ठाऊक असते ती प्रामुख्यानं आंबेडकरी वस्तीत. एकाच जिल्ह्यातले, एकाच हिवाळ्या-उन्हाळ्यातले हे दोन प्रसंग. कुठला पाठ्यपुस्तकात गेला आणि कुठला वस्तीपुरता राहिला, एवढं पाहिलं तरी मोऱ्यांची गरज का पडली ते समजतं. निपाणीत इतिहासाची वाण नव्हती, पण तो ज्यांचा होता त्यांच्या बाजूनं लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

निपाणी म्हणजे तंबाखू. आता हे वाक्य भूतकाळात लिहायला हवं, पण मोऱ्यांच्या उमेदीच्या काळात ते अक्षरशः खरं होतं. पावसाच्या तोंडावर वाफ्यात रोपं टाकायची, श्रावण-भाद्रपदात लावण करायची. झाड वाढलं की शेंडा खुडायचा, म्हणजे जोर पानात उतरतो. मग बगलेत फूट येते, ती पुन:पुन्हा काढत राहायची. या कामात बोटांना जो काळा चिकटा धरतो तो साबणानं जात नाही, आणि त्याच बोटांनी भाकरी खाल्ली तर घास कडू लागतो. थंडीत कापणी होते, रानातच उन्हात वाळवण होते. तिथून माल निपाणीच्या वखारीत. भाव व्यापारी ठरवणार, वजनात तूट तो धरणार, पैसे त्याच्या सवडीनं देणार. निपाणीचा हा माल विडीत जायचा, आणि विडी सगळ्या देशात ओढली जायची.

वखारीत कामाला बाया. पानं कुटायची, चाळायची, काडी आणि भुकटी वेगळी करायची. हवा खेळायला जागा नाही. खाट अशी उठते की नवी बाई पहिल्या दिवशी ओकते, चक्कर येऊन बसते. चार महिन्यांनी तिला वास येईनासा होतो, पण तो तिच्या लुगड्यात, केसात, अंगावर पिणाऱ्या पोराच्या नाकात राहतोच. बाकीचं मुकादमाच्या मर्जीवर. कामावर घेणं त्याच्या हातात, काढणंही त्याच्याच. त्या मर्जीची किंमत काय असायची ते बायांनी पुढं उघड सांगितलं, तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांत चहाचे कप खाली ठेवले गेले.

हे बाहेरच्या जगाला कळायला ७०चं दशक संपत यावं लागलं. अनिल अवचटांनी ‘अंधेरनगरी निपाणी’ लिहिलं आणि पुण्या-मुंबईचा सुशिक्षित वाचक हादरला. सुभाष जोशींसारख्या कार्यकर्त्यांबरोबर बायांनी संघटना बांधली, संप केले. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटानं १९८२मध्ये या बायांवर माहितीपट केला. दरम्यान १९८१च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगलोर रस्ता अडवला. हजारो शेतकरी रस्त्यावरच राहायला आले. रस्ता तीन आठवड्यांवर अडलेला होता, आणि ६ एप्रिलला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शेतकरी मेले.

एवढ्या चारपाच वर्षांत निपाणी दोनदा देशाच्या नकाशावर आली. दोन्ही वेळा पत्रकार आले, कार्यकर्ते आले, कॅमेरे आले, आणि यथावकाश गेले. यात त्यांचा दोष काढत नाही. अवचटांच्या लेखाचं काम अवचटांच्या लेखानंच व्हायला हवं होतं. मात्र एक फरक नोंदवायला हवा. अवचट अन्याय दाखवायला आले होते, त्यामुळं त्यांच्या लेखात बाई दिसते ती अन्यायाच्या उजेडात. मोरे गावातच होते. संपाच्या आधीही होते आणि नंतरही. संपात असलेली बाई घरी गेल्यावर कुणाशी भांडते, कुणासाठी चोरून गूळ आणते, सासूला काय उत्तर देते, तिला कोण आवडतं, हे त्यांना दिसायचं. शोषितांवर लिहिणाऱ्या पुष्कळ मराठी लेखकांच्या पात्रांना शोषणापलीकडं आयुष्यच नसतं. मोऱ्यांच्या माणसांना भूक आहे तशी मस्तीही आहे, लाचारी आहे तसा बेरकीपणाही आहे. ती वाचकाची दया मागत उभी राहत नाहीत.

इथंच गिरणीचा मुद्दा येतो. पिठाच्या गिरणीत काय काय कळतं याचा हिशेब कधी कुणी मांडला आहे का? कुणाच्या घरी शाळू दळायला आला आणि कुणाकडं रेशनचा गहू, कुणाचा डबा आठवडाभर फिरकला नाही, कुणी एकदम पायलीभर जास्तीचं दळण टाकलं, म्हणजे पाहुणे आलेत की लग्न ठरलंय, कुणी पैसे ‘उद्या देते’ म्हणून गेली. पट्ट्याच्या आवाजात बाया मोठ्यानं बोलतात, आणि मोठ्यानं बोलताना माणूस कमी सावध असतो. जनगणनेचा कारकून दहा वर्षांतून एकदा दारात येतो. गिरणीवाल्याकडं घरच दिवसाआड येतं. मोऱ्यांनी कथेचा माल कुठून आणला, हा प्रश्न मला म्हणूनच फिजूल वाटतो. तो डब्यातून समोर येत होता.

टॅक्सीचंही तसंच. रेल्वे निपाणीला नाही. म्हणजे बाळंतीण, प्रेत, नवरी, पळून निघालेलं जोडपं, दारू, डॉक्टर, सगळं रस्त्यानं. त्या काळातला टॅक्सीवाला मागच्या सीटवरचं सगळं ऐकत असतो आणि आरशात बघत असतो. गिऱ्हाईक त्याच्यासमोर असं बोलतं की जणू तो तिथं नाहीच. कादंबरीकाराला यापेक्षा चांगली जागा कुठली? ‘झोंबडं’, ‘एकोणिसावी जात’, ‘मत्तीर’, ‘चिताक’ ही त्यांच्या पुस्तकांची नावं बघितली तरी ग्रंथालयातल्या खुर्चीवर बसून ती सुचलेली नाहीत हे ध्यानात येतं.

आणि हा रस्ता पुढं सौंदत्तीला जातो. माघी पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगराकडं निघणाऱ्या गाड्या, देवीचा जग डोक्यावर घेतलेल्या जोगतिणी, भंडारा. निपाणी-गडहिंग्लजचा पट्टा देवदासी प्रथेचा मोठा पट्टा होता. गडहिंग्लजला १९७५मध्ये देवदासी परिषद झाली, बाबा आढाव आणि विठ्ठल बन्ने यांनी चळवळ उभी केली, कर्नाटकानं १९८२मध्ये बंदीचा कायदा केला. मराठी साहित्यात या विषयावर राजन गवसांचं ‘चौंडकं’ आणि उत्तम बंडू तुपेंचं ‘झुलवा’ गाजलं, आणि ते योग्यच झालं. मोऱ्यांनीही या बायांवर लिहिलं, पण त्यांचं नाव या यादीत घेताना अभ्यासकांना आठवण करून द्यावी लागते. त्याचं एक कारण भूगोल आहे. लेखक महाराष्ट्राबाहेर राहतो, कुठल्या विद्यापीठाच्या मराठी विभागाच्या टप्प्यात नाही, पुण्याच्या चर्चासत्राला येऊन ‘माझी लेखनप्रक्रिया’ सांगत नाही. दुसरं कारण त्यांच्याकडंही जातं. ते भरभरून लिहीत. दिवाळी अंकांना त्यांची कथा हवी असायची, आणि दरसाल इतक्या अंकांसाठी लिहिणाऱ्याचं सगळंच एका तोलाचं राहत नाही. काही कथांत योगायोग फार आहेत, काहींचा शेवट आधीच दिसतो. पण हे म्हटल्यानंतर हेही म्हणायला हवं की ज्या टीकाकारांनी ही तक्रार केली असती, त्यांनी मुळात तेवढं वाचलेलंच नाही.

शेजारच्याच एकसंब्यात जी. ए. कुलकर्णी जन्मले, हा योग मला नेहमी गमतीचा वाटतो. माती तीच, कानडी-मराठीची मिसळ तीच. जीएंची माणसं नियतीशी झगडत राहिली, मोऱ्यांची माणसं मुकादमाशी. जीएंवर आपण ग्रंथांवर ग्रंथ लिहिले. मोऱ्यांवर लिहायला मराठीत माणसं कमी पडली, कारण मुकादमाशी होणाऱ्या झगड्याला आपण फार तर ‘वास्तव’ म्हणतो आणि पुढं जातो.

सीमावादाच्या संदर्भातही त्यांच्याकडं नीट पाहिलं गेलं नाही. बेळगाव आणि मराठी साहित्य यांचं नातं जुनं आहे. सार्वजनिक वाचनालय १८४८चं. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. २०००मध्ये संमेलन पुन्हा तिथं भरलं तेव्हा अध्यक्ष य. दि. फडके होते, म्हणजे सीमाप्रश्नाचा कागद न् कागद ठाऊक असलेला इतिहासकार. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथं गावकरी वर्गणी काढून संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडीत अख्खं गाव उतरतं. अशी हौस मी पुण्यात पाहिलेली नाही. या सगळ्या व्यासपीठांवर मराठीसाठी हळहळ असते आणि ती खरी असते. पण मराठी माणूस या भागात जगतो कसा, कुणाकडून नाडला जातो, शेजारच्या कानडी माणसाबरोबर एकाच वखारीत एकाच हजेरीवर राबताना त्यांचं काय नातं तयार होतं, हे भाषणातून सांगता येत नाही. वखारीतला शेठ मराठी बोलतो की कानडी की गुजराती, यानं चाळणीतली खाट कमी होत नाही. हे सत्य सीमालढ्याच्या दोन्ही बाजूंना थोडं गैरसोयीचं आहे. मोऱ्यांच्या कथांमध्ये ते सहजपणे पडलेलं असतं.

कथेला इतिहास म्हणायचं तर पथ्यं पाळायला हवीत, हे मान्य. मोऱ्यांच्या कथेत एखाद्या बाईची हजेरी अमुक रुपये दिली असेल तर ती मजुरीचा पुरावा म्हणून कुणी शोधनिबंधात टाकू नये. त्यासाठी कामगार खात्याचे कागद आहेत, संघटनेचे करार आहेत. पण सरकारी कागदात हजेरीचा आकडा मिळतो, त्या पैशाची घरी गेल्यावर वाटणी कशी व्हायची ते मिळत नाही. गॅरेजात पोरगा कामाला लागला की त्याला शिव्या कोण देतो, जेवायला कोण घालतो, मालक त्याला पगार न देता किती वर्षं ‘शिकवतो’, हे कुठल्या नोंदवहीत नसतं. इतिहासकाराला हे कथाकाराकडूनच घ्यावं लागतं, आणि घेताना इतर साक्षींशी ताडून बघावं लागतं. रणजित देसाईंनी इथून जवळच कोवाडला बसून ‘श्रीमान योगी’ लिहिली, तिच्यातून शिवकाल शिकलेली दोन पिढ्या मराठी माणसं आहेत. तिथं आपण कादंबरी म्हणजेच इतिहास मानायला एका पायावर तयार असतो. ड्रायव्हर आणि हमाल यांच्या कादंबरीला मात्र पुरावा मागतो.

मोऱ्यांची निपाणी आता बरीच सरली आहे. तंबाखूच्या रानात ऊस आला, हालसिद्धनाथाच्या नावानं साखर कारखाना उभा राहिला. महामार्ग रुंद झाला, त्यावरच्या गाडीला निपाणीत थांबायचं कारण उरलं नाही. घरोघरी आट्याची पिशवी आली तशी गिरणीपुढची रांग आटली. ८०च्या संपात असलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. नाती इंजिनिअरिंग शिकतात आणि आजीला खोकला कशाचा ते त्यांना अंधुकच ठाऊक असतं.

म्हणून काही कामं तातडीची आहेत, आणि ती स्मारकापेक्षा स्वस्त आहेत. मोऱ्यांच्या कथा किती दिवाळी अंकांत विखुरल्या आहेत त्याची सूची आधी करायला हवी. जुने दिवाळी अंक रद्दीत जातात, मोठ्या ग्रंथालयांतही ते सलग मिळत नाहीत, आणि संग्रहात न आलेली कथा एकदा हरवली की हरवली. सीमेवरच्या दोन्ही बाजूंच्या कॉलेजांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प एका वर्षात उरकण्याजोगा आहे. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. त्या विद्यार्थ्यांनी मोऱ्यांची वखारीवरची एखादी कथा घेऊन जुन्या कामगार बायांच्या ओट्यावर जाऊन बसावं, ती मोठ्यानं वाचावी, आणि विचारावं की आजी, हे असंच होतं का? आजी म्हणतील ‘व्हय’, किंवा म्हणतील ‘त्येला काय म्हाईत, तो गिरणीत बसायचा’. आणि मग खरं काय होतं ते सांगायला लागतील. हजेरी कुठल्या वारी व्हायची, झडती कोण घ्यायचं, संपात सगळ्यात आधी कोण उठली आणि सगळ्यात आधी कोण फुटली. फुटलेलीचं नाव बहुधा त्या अजून सांगणार नाहीत. ते सांगितलं तर मात्र टेप बंद करून ऐकावं.